भीमनकोळ्ळाची चढण

लिंगनाळ, हुलसूरजवळ
१६ जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप दाजी,

पायांवर डोकं ठेवतो. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणजे हे पत्र निलम्मा अक्काच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही शरणु शरणार्थी. तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम दोन पानं, म्हणजे चन्नूचं काहीतरी अडलंय, असं ती पाकीट फोडायच्या आधीच म्हणाली असेल. अक्का, अडलंय खरं. पण आधी खुशाली ऐका.

ज्वारीची कणसं भरली आहेत. गौरम्मा आणि पोरं सुखरूप आहेत. संक्रांत झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुंडेराव वस्तादांनी तालमीत नारळ फोडला. श्रीशैलच्या चढणीची तयारी सुरू झाली आहे, आणि यंदा कंबी मी उचलायची आहे. दोन वर्षं टाळली. पहिल्या वर्षी मला ताप आला, दुसऱ्या वर्षी गौरम्माचं बाळंतपण आलं, भाऊबंदांनी वेळ निभावून नेली. यंदा मेला तापही येईना. पंचांनी तोंडावर सांगितलं, "चनमल्लप्पा, कंबी तुमच्या घरात हाय, तर खांदा बी तुमचाच पायजे."

तालमीत चार नवे गडी आलेत. वस्तादांनी त्यांना बसवून कंबीचे नियम सांगितले. मीही मागे बसून ऐकले, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय. कळकाची दांडी, एका टोकाच्या टोपलीत मल्लय्याची म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाची मूर्ती, दुसऱ्या टोकाच्या टोपलीत त्याच्या बायकोसाठी साडी-चोळी, चुडा, हळदकुंकू, डाळ-गूळ. भ्रमरांबा आपल्या गावची लेक आणि मल्लय्या जावई, म्हणून लेकीची ओटी दर पाडव्याला आपण डोंगरावर पोचवायची. गावातून उचललेली कंबी वाटेत जमिनीला टेकायची नाही. मुक्कामाला झाडाला टांगायची, चालताना थकलं तर जोडीदाराने खांदा द्यायचा. भीमनकोळ्ळाच्या दरीतून वर चढताना शंभर पायऱ्या एकाने, शंभर दुसऱ्याने. मल्लय्याचं वजन करायचं नाही, सरावाच्या पोत्यांचंही नाही. ज्याचं पोतं त्यानं भरायचं, देवाच्या कामात तागडी आणायची नाही.

शेवटी वस्ताद म्हणाले, "आन् कंबी टेकली, तर ती त्या घराची ऱ्हात न्हाई." मग त्यांना आठवलं की मी मागे बसलोय. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी धोतराचा काच्या आवळला आणि बैठका मारायला उठलो.

आपल्या भागात डोंगर कुठला? तेव्हा सराव त्याच जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर. अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली, अठ्ठेचाळीस वर, खांद्यावर दांडी, दोन्हीकडे वाळूची पोती, आणि तोंडात पाण्याची चूळ. वर आल्यावर वस्तादांसमोर चूळ टाकून दाखवायची, म्हणजे श्वास नाकानेच घेतला हे कळतं. सहाव्या फेरीला मी ती चूळ गिळून टाकतो. एकवीस फेऱ्या व्हायला हव्यात.

म्हणून विचारतो. चढताना दांडी उजव्या खांद्यावरून डाव्यावर कशी घ्यायची? तुम्ही मान खाली घालून ती मानेमागून सरकवायचात, टोपली हलायचीसुद्धा नाही. मला जमत नाही. गुडघा बरा आहे का? तुमच्या घरची सात पिढ्यांची कंबी आमच्याकडे आली, त्यात माझा हात नाही, पंचांनी दिली म्हणून घेतली. त्या दिवशी माझ्या पायात काटा मोडला नसता तर ही वेळच आली नसती.

उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
चनमल्लप्पा

*

लिंगनाळ
४ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप दाजी,

उत्तर आलं नाही. उदगीर काही काशीत नाही, अठरा कोसांवर आहे. हैदराबाद संस्थान मोडून आपण म्हैसुरात जाणार आणि तुम्ही मुंबईकडे, असं पेपरात येतंय. तेव्हा निदान दोन राज्यं व्हायच्या आधी तरी एक कार्ड टाका. अक्काला वेळ नाही असं म्हणू नका. मला न्हाऊ घालून, वेणीफणी करून, भाकरी थापून तिला अप्पांकडून बाराखडी शिकायला वेळ मिळाला होता.

रागावून लिहिलं. राग तुमच्यावर काढायचा मला काय अधिकार? पण पत्र पुन्हा लिहीत बसलो तर आजचं टपाल चुकेल.

बाराव्या फेरीपर्यंत आलोय. खांद्याची कातडी दोनदा सोलून निघाली. गौरम्मा हळद लावते आणि म्हणते, "मागच्या बारीला तर तुमाला काईच झालं नव्हतं. कातडी कशी कोरी व्हती!" मी म्हणालो, तेव्हा वय कमी होतं. ती म्हणाली, "तीन वर्सात म्हातारे झालात व्हय?" बायकांची स्मरणशक्ती फार वाईट असते.

दुपारी वस्ताद सगळ्यांना अनवाणी माळावर नेतात. जांभ्या दगडावर उन्हात उभं करतात आणि नामस्मरण करायला लावतात. माझं लक्ष नामाकडे कमी आणि तळव्यांकडे जास्त. यंदा माझा जोडीदार शरणप्पा आहे, तेलघाण्याचा. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी तुमचा जोडीदार निवडताना तो आणि मी दोघंच शेवटपर्यंत उरलो होतो. त्याच्या अठरा फेऱ्या झाल्या आणि माझ्या एकवीस. आता तो एकवीस फेऱ्या मारून वर पुन्हा विहिरीवर बैलांना पाणी पाजायला जातो. मी खाली पायरीवर बसून धापा टाकत असतो. काल माझ्याजवळ बसून म्हणाला, "अण्णा, तवा तर वाऱ्यावानी चढत व्हतात तुमी. आता काय झालं?"

मी काय सांगणार? म्हणालो, यंदा पोती नीट भरली आहेत, तळापासून तोंडापर्यंत वाळूच आहे. तो म्हणाला, "वाळूच असतीय की." आणि उठून गेला.

असो. थंडी कमी झाली आहे. गुडघ्याला मोहाचं तेल लावत जा. आणि तो काटा फार खोल नव्हता, हे मला तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं.

चनमल्लप्पा

*

लिंगनाळ
२० फेब्रुवारी १९५६

दाजी,

अक्का, हे पत्र मोठ्यानं वाच. मधली ओळ गाळू नकोस. लाज वाटली तर चष्मा पूस, पाणी पी, पण पुढे वाच.

काटा नव्हताच.

तीन वर्षं मी तो काटा सगळ्या गावाला दाखवत फिरलो. कुठे टोचला, किती खोल गेला, कसा तिसऱ्या दिवशी निघाला. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. गौरम्माला तर मी टाचेवरची जुनी भेग काट्याची खूण म्हणून दाखवली आहे. पण त्या दिवशी माझ्या पायात काही नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आपण भीमनकोळ्ळात उतरलो, तुम्हाला माहीतच आहे. खाली पाणी प्यायलो. तुम्ही म्हणालात, "चन्नू, पैल्या शंभर माझ्या." शंभर झाल्या. मी खांदा दिला. दांडी खांद्यावर आली आणि मला कळलं की मी मेलो. पंचवीस पायऱ्यांवर मांड्या कापायला लागल्या. चाळिसाव्या पायरीला मी हळूच म्हणालो, "दाजी, घ्या." तुम्ही लगेच घेतली. पुढच्या वेळी तीस. त्याच्या पुढच्या वेळी मी पंधराही चढलो नाही. मागचे लोक "मल्लय्या मल्लय्या" ओरडत येत होते, त्यांना वाटलं आपली अशीच पद्धत आहे. तुमच्या पाठीवरून घाम धारेनं वाहत होता, आणि तुम्ही एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग माझी पाळी पुन्हा आली. चढण जिथे संपते ती कैलासाची कमान वर दिसत होती. मी पायरीवर बसलो, टाच मांडीवर घेतली आणि नखानं कोरायला लागलो. म्हणालो, काटा मोडला, तुम्ही थोडं पुढे न्या. तुम्ही नेली. मी मागोमाग लंगडत आलो. थोड्या वेळाने पुन्हा बसलो. तेव्हा तुम्ही थांबलात. तुमचा उजवा गुडघा आत-बाहेर हलत होता. तुम्ही म्हणालात, "चन्नू, खांदा दे."

मी ऐकलं. तुमच्यापासून मी चार पायऱ्या खाली होतो, ऐकू न यायला काय झालं होतं? मान खाली घालून मी टाच कोरत राहिलो. मनात म्हणालो, अजून दहा पायऱ्या नेतील, मग उठू. तुम्ही पुन्हा म्हणालात, "खांदा दे रे." मी उठलो नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दगडाच्या कडेवर तुमचा गुडघा फुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. कंबी टेकली. लेकीचा चुडा फुटला. तुम्ही पडल्या पडल्या दांडी छातीवर ओढून घ्यायला बघत होतात आणि सगळ्यांना सांगत होतात, "माझा पाय घसरला, माझाच घसरला." मी तुमच्या शेजारी उभा होतो. पायातला काटा बरा झाला होता, कारण मी पळत आलो होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला लाज वाटते, दाजी. हे लिहितानाही वाटते, कारण हे लिहिलं म्हणजे मी चांगला माणूस आहे असं मला मधेच वाटून जातं.

चन्नू

*

लिंगनाळ
२ मार्च १९५६

दाजी,

तुमचं उत्तर नाही. नसेल द्यायचं तर देऊ नका. पण मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं आज सांगितलं नाही तर मग कधीच सांगायचा नाही.

काटा नव्हता हे खरं. पण खांद्यात बळ का नव्हतं? एकवीस फेऱ्या मारणारा गडी चाळीस पायऱ्यांवर कसा गळतो, हे कुणी मला विचारलं नाही. तुम्हीही नाही.

माझ्या पोत्यांत भुसा होता. तळाला वीतभर वाळू, तोंडाशी वीतभर वाळू, मधे तुरीचा भुसा दाबून भरलेला. तोंड उघडून बघितलं तरी वाळूच दिसायची. वजन कुणी करायचं नाही, ज्याचं पोतं त्यानं भरायचं, हा नियम आपल्या लोकांनी भक्तीनं केला. मी त्याचा फायदा घेतला. माळावरून येताना गौरम्मा विचारायची, भुसा कुठं नेताय, मी म्हणायचो, तालमीतल्या गाईला. तालमीत गाय नव्हती.

कामून केलं, असं तुम्ही विचाराल. शरणप्पा माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मला तुमचा जोडीदार व्हायचं होतं. तुमचं आणि अक्काचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात आणि मला उचलून माळवदावर फेकलंत, म्हणालात, "ह्यो पोरगा हलका हाय, ह्याला भाकरी जास्त घाला." सगळे हसले. तेव्हापासून मला तुमच्यासमोर हलकं दिसायचं नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत तीन वर्षं कंबी बंद होती, मग सुरू झाली, आणि तेव्हापासून मी जोडीदार व्हायची वाट बघत होतो. एवढ्यासाठी भुसा भरला. दुसरं काही कारण नाही, शोधून बघितलं.

मी खोटं केलं नसतं तर तुमच्याबरोबर शरणप्पा आला असता. त्याने शंभरच्या शंभर पायऱ्या चढल्या असत्या. तुमचा गुडघा शाबूत असता, कंबी तुमच्या घरात असती, तुम्ही उदगिरात पानाच्या गादीवर पाय लांब करून बसला नसता. तुम्हाला गाव सोडायला कुणी सांगितलं नव्हतं, पण कंबी काढून घेतलेल्या घरात तुम्ही राहणार नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाताना बैलगाडीत अक्का माझ्याकडे बघून रडली आणि म्हणाली, "चन्नू, कंबीला नीट जप." मी मान हलवली.

शिवरात्रीच्या पारण्याला पंच मठात जमतात. तिथं मी हे सगळं सांगणार आहे आणि कंबी परत तुमच्या घरात द्या म्हणणार आहे. तुमची हरकत असेल तर कळवा.

चन्नू

*

लिंगनाळ
१३ मार्च १९५६

निलम्मा अक्का,

हे पत्र तुला आहे. आता समजलं की आधीचीही तुलाच होती.

तुझं कार्ड शिवरात्रीच्या सकाळी आलं. पोस्टमन उपवासाचा होता, सावलीत बसून त्यानं ताक घेतलं, तोपर्यंत मी दारात उभ्यानं ते तीनदा वाचलं. तू लिहितेस, "पैलं पत्र वाचून दाखवलं. दुसरं निम्मं. तिसऱ्याला जीभ वळंना, म्या म्हणलं, चन्नू लिवतोय ज्वारी बरी हाय, पोरं बरी हायत. चौथं आलं ते बी तसंच. त्येंला वाटतंय, त्येंच्याच हातून काई तरी पाप घडलं म्हणून मल्लय्यानं पाडलं. निघायच्या आदल्या दिवशी रागानं त्येनी माझ्यावर हात उगारला व्हता, मारला न्हाई, निस्ता उगारला. त्येचं प्रायश्चित्त म्हणून तीन वर्सं सोमवार धरायलेत. आन् अजून मला इचारतात, चन्नूच्या पायातला काटा नीट निघाला व्हता का, पाय सुजत तर न्हाई? आता मी त्येंला काय वाचून दावू? माझ्या भावानं केलं म्हणून सांगू? मग मी ह्या घरात कोन म्हणून ऱ्हाऊ? तू पंचांफुडं बोलू नगंस. तुला माझी आन हाय."

अक्का, मला आधी तुझा राग आला. माझी पत्रं दाबून ठेवायचा तुला काय अधिकार, असं वाटलं. मग "पाय सुजत तर न्हाई" या ओळीशी मी थांबलो आणि आत जाऊन भिंतीला तोंड लावून बसलो. गौरम्मा म्हणाली, उपवासानं चक्कर आली असेल. मी तिला सगळं सांगितलं, भुश्यापासून. ती एवढंच म्हणाली, "आन् मी त्या काट्यावर तीन दिवस गूळ-चुना बांधला!"

तुझी आण मी मोडली. मला माफ कर किंवा करू नकोस. न मोडता काय केलं असतं? तुला घरात मान राहावा म्हणून दाजींनी जन्मभर न केलेल्या पापाचे सोमवार धरायचे? तू त्यांना जेवायला वाढत नाहीस त्या सोमवारी, तेव्हा तुझ्या मनाचं काय होत असेल, ते मला लिहायला नको.

काल पारण्याच्या वेळी मठात मी उभा राहिलो. ऐनवेळी पाय लटपटतील असं वाटलं होतं. पण दोन महिने खरी वाळू वाहिल्याने असेल, पाय ठीक राहिले, आवाजच फुटेना. कसंबसं सांगितलं. शरणप्पा खांबाला टेकून बसला होता. तो उठला, माझ्याजवळ आला, मला वाटलं मारतोय. तो म्हणाला, "तवा अठरा फेऱ्यांवर हारलो म्हणून मी घरी जाऊन रडलो व्हतो अण्णा. माझ्या बापानं मला भित्रा म्हणलं." आणि तो मठाबाहेर निघून गेला.

पंचांपैकी एक-दोघं म्हणायला लागले की झालं गेलं, आता यात्रा दारात आली, उगं चिखल उकरू नका. पण गुंडेराव वस्तादांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "चूक माझी बी हाय. एकवीस फेऱ्या मारून ह्येला घाम आला नव्हता, मला दिसलं व्हतं. मला वाटलं, देवाची कृपा. तागडी आणायचा नियम न्हाई म्हणून डोळे बी झाकायचे व्हय?"

ठरलं असं. कंबी दाजींच्या घराची. दाजींना उचलता येणार नाही, म्हणून ते ज्याचं नाव घेतील तो उचलेल. ते विचारायला पंच परवा उदगिराला येणार होते. मी हात जोडून म्हणालो, आधी मला एकट्याला जाऊ द्या. त्यांनी ऐकावं तर माझ्या तोंडून ऐकावं. दोन दिवस मिळाले आहेत.

उद्या पहाटे निघतो. पत्र टपालात टाकतोय, पण बहुतेक मीच आधी पोचेन. मी तुझ्या दारात येणार नाही, सरळ चौकात त्यांच्या पानाच्या गादीवर जाईन.

चन्नू

*

लिंगनाळ
१९ मार्च १९५६

अक्का,

हे टपालाने नाही, गौरम्माच्या हाती देतोय. दाजींचा पंचांना काही निरोप आहे का, हे विचारायच्या निमित्ताने ती येईल. ते गादीवर असताना एकटीनं वाच.

मी त्यांना सांगितलं. तुला त्यांनी काय सांगितलं आणि काय नाही, ते मला ठाऊक नाही, म्हणून मी सगळं लिहितो.

मी पोचलो तेव्हा ते ओल्या फडक्यानं पानं पुसत होते. मला लांबूनच बघितलं आणि तोंडभर हसले. "ये की रे चन्नू! चालत आलास व्हय? पाय कसा हाय?" मी खाली पायरीवर बसलो. बसलो म्हणजे पाय धरूनच बसलो. ते म्हणाले, "आरं, काय करायलास, लोक बघायलेत." मी सगळं सांगितलं. आधी पोत्यांचं, मग पायऱ्यांचं. ते पानं पुसत राहिले. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी नीट विडे बांधून दिले, चुना किती हवा तेही विचारलं.

मग म्हणाले, "भुसा किती व्हता?"

"निम्मा."

"मजी शरणप्पा आला असता माझ्यासंगं."

"व्हय."

"म्या खांदा मागितल्यालं तुला ऐकू आलं न्हाई, आसं मला वाटलं व्हतं."

"ऐकू आलं व्हतं दाजी. दोन्ही बारीला."

तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि गुडघा दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. बाजारातले लोक ये-जा करत होते. त्यांचे डोळे भरले, पण माझ्याकडे बघून नाही. म्हणाले, "मी तिच्यावर हात उगारला म्हणून मल्लय्यानं पाडलं, आसं मी समजत व्हतो. तीन वर्सं तिच्याशी डोळा भिडवून बोल्लो न्हाई." अक्का, हे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. गुडघा फोडला, कंबी घालवली, एवढं मला माहीत होतं. तुमच्या दोघांमधे हेही मी केलं, हे मला त्या पायरीवर कळलं.

कंबी शरणप्पानं उचलायची, असं ते म्हणाले. जोडीदार तोच निवडेल. कंबी निघेल ती तुमच्या जुन्या घराच्या दारातून, दार मी स्वतः झाडून सारवून ठेवायचं. मी यात्रेला जायचं नाही, पुढेही कधी नाही. मी म्हणालो, बरं. त्यांनी मला पान दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. मी मागितलंही नाही. काल तुमचं दार सारवून झालं आहे. गौरम्मा रांगोळीला आली होती, मी तिला हात लावू दिला नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी उठलो आणि दोन पावलं गेलो, तेव्हा त्यांनी हाक मारली. म्हणाले, "चन्नू, तुझी चार पत्रं आली. निलम्मानं वाचून दावली. ज्वारी बरी हाय, पोरं बरी हायत. ह्यातलं काई लिवलं व्हतंस का त्यात?"

त्यांनी असं विचारलं, अक्का, की मला वाटलं, माझ्या उत्तरावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य टेकलं आहे. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी खरं बोललो होतो, अजून तोंडाची चव बदलली नव्हती.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "तुमाला कळवायची हिम्मत व्हईना. निस्ती खुशाली लिवत व्हतो."

ते म्हणाले, "मग तिला काईच म्हाईत न्हाई."

"काईच न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि पानं पुसायला घेतली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. आज ना उद्या ते तुला विचारतील, कदाचित विचारलंही असेल. माझी सगळी पत्रं, हेसुद्धा, चुलीत घाल. आणि ते विचारतील तेव्हा माझ्यासारखी मान खाली घालू नकोस, त्यांच्या डोळ्यांत बघून तूही तेच म्हण.

चन्नू